गटात बोलतं कोण

टाचण वहीत ‘अध्यापन पद्धती’ असा एक रकाना असतो. त्यात मी वर्षानुवर्षं ‘गटचर्चा’, ‘प्रश्नमंजूषा’, ‘नाट्यीकरण’, ‘कथन’ असं आलटून पालटून लिहीत आले आहे. मुख्याध्यापक सही करतात, तपासणीला आलेले साहेब पानं उलटतात आणि पद्धतींत विविधता आहे म्हणून बरा शेरा देऊन जातात. शेजारी ‘ही पद्धत आज का निवडली’ असा रकाना नाही, हे माझं नशीब. असता आणि खरं लिहायचं ठरवलं असतं, तर नोंदी अशा झाल्या असत्या: घसा बसलाय, म्हणून गटचर्चा. जेवणानंतरचा तास, पोरं पेंगतायत, म्हणून प्रश्नमंजूषा. उद्या तपासणी, म्हणून गटही आणि तक्तेही. धडा मलाच नीट उमगलेला नाही, म्हणून ‘विद्यार्थी स्वतः शोध घेतील’.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी आठवी ते दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. यंदा सुट्टीत जुन्या वह्या रद्दीत घालायला काढल्या आणि घालण्याआधी चाळत बसले. विविधता खरोखर आहे. पण तिच्यात मुलांच्या गरजेपेक्षा माझ्या तब्येतीचा आणि माझ्या धास्तीचा आलेख जास्त दिसतो.

सहकार्य आणि स्पर्धा यांचं तत्त्व कुणी शिकवलं नव्हतं अशातला भाग नाही; ते मला पाठ होतं. बी.एड.ला असताना मॉर्टन डॉइच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये केलेली मांडणी वाचली होती. सहकार्याच्या रचनेत तू पोहोचलास तरच मीही पोहोचतो. स्पर्धेच्या रचनेत तू मागे राहिलास तरच मी पुढे जातो. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी याच पायावर वर्गात वापरायच्या पद्धती उभ्या केल्या. आमच्या पेपरात या विषयावर हमखास प्रश्न यायचा. त्या पेपरात मी वर्गात दुसरी आले होते आणि पहिली कोण आली हे मला अजून आठवतं. सहकार्याचं तत्त्वज्ञान मी अशा रीतीने स्पर्धेतून शिकले.

आधी स्पर्धेचं बघते. प्रश्नमंजूषा हा माझा हातखंडा. वर्गाचे चार गट: फुले, शाहू, आंबेडकर, सावित्रीबाई. फळ्यावर गुण मांडायचे, बरोबर उत्तराला दहा, दुसऱ्याच्या चुकलेल्या प्रश्नाला पाच. पोरं बाकावर उभी राहायची. तास संपताना कुणीतरी आरोळी ठोकायचं, ‘शाहूंनी फुल्यांना हरवलं!’ आणि मी हसून डस्टर उचलायचे. शेजारच्या वर्गातले सर म्हणायचे, बाईंच्या तासाला काय चैतन्य असतं. असतं खरं.

त्या आरोळीत काय गडबड आहे ते मला बऱ्याच उशिरा खटकलं. 1920 साली याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांकडे बोट दाखवून, तुम्हाला तुमचा नेता मिळाला, असं जमलेल्या लोकांना सांगितलं. हा प्रसंग मी सोमवारी रंगवून शिकवायची आणि बुधवारी त्याच दोघांना फळ्यावर एकमेकांविरुद्ध लढायला लावायची. त्याहून अवघड गोष्ट गट पाडताना घडली. एकदा म्हटलं, ज्याला ज्या गटात जायचंय त्याने त्या नावाला हात वर करावा. आंबेडकर म्हटल्यावर वर झालेले हात गावाच्या एकाच बाजूच्या घरांतले होते. शाहू गटात जागा पुरेना. मी काही बोलले नाही. पुढच्या वेळेपासून चिठ्ठ्या टाकायला लागले. प्रश्न मिटला, म्हणजे दिसेनासा झाला.

आणि प्रश्नमंजूषेत विचारायचे प्रश्न तरी कसले? दहा सेकंदांत उत्तर देता येईल असेच. शाहू महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम कोणत्या साली काढला? 1917. दहा गुण. हुकूम काढावासा का वाटला, त्याला पैसा कुठून आणला, पोरगं शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार म्हणणाऱ्या बापाला काय उत्तर द्यायचं, यातलं काहीच त्या दहा सेकंदांच्या घंटीत बसत नाही. हंटर आयोगापुढे 1882 साली फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यातला सगळा जोर सरकार वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं आणि खालच्यांच्या प्राथमिक शाळा उपाशी ठेवतं यावर होता. माझ्या स्पर्धेत त्या निवेदनाचं उरायचं काय, तर ‘1882’. मी पद्धत निवडत होते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पद्धतच इतिहासातला कुठला भाग शिकवण्याजोगा आहे हे ठरवून टाकत होती, आणि ते मला सोयीचं होतं. सालांवर वाद होत नाही. पालक घरी येऊन विचारत नाहीत की बाई, तुम्ही पोरांना हे काय सांगितलंत.

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा 1954 सालचा प्रयोग प्रशिक्षणांमध्ये फार आवडीने सांगितला जातो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचं शिबिर. दोन गट, एकाचं नाव ईगल्स, दुसऱ्याचं रॅटलर्स. रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं. आणि बघता बघता झेंडे जाळणं, खोल्यांवर छापे. मग दोघांची मिळून गरज निर्माण केली: पाण्याची टाकी बंद, ट्रक सुरू होत नाही, सगळ्यांनी मिळून ओढा. वैर निवळलं. प्रशिक्षणात इथे टाळ्या पडतात. आदल्या वर्षीची गोष्ट कुणी सांगत नाही. 1953 मध्ये याच शेरीफने न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग केला होता आणि तिथली मुलं भांडलीच नाहीत. मोठ्यांनी काड्या लावून बघितल्या, तरी नाहीत. उलट ही माणसंच आपल्यात लावालावी करतायत असा मुलांना संशय आला आणि शिबिर गुंडाळावं लागलं. हे वाचल्यापासून ‘मुलांना स्पर्धा नैसर्गिकच आवडते हो’ हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखं सहज निघत नाही. चार गट मी पाडते. घंटी मी आणते. फळ्यावर आकडे माझ्या अक्षरात असतात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे; स्पर्धा वाईट, गट चांगला, आणि बाईंना उपरती झाली. तसं नाही. माझ्या वर्गातल्या गटकार्याकडे बघितलं की मला प्रश्नमंजूषेपेक्षा जास्त ओशाळायला होतं.

2010 नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आठवीपर्यंतच्या नोंदवहीत प्रकल्प, कृती, उपक्रम यांच्या नोंदी सुरू झाल्या. मग ज्ञानरचनावादाची लाट आली. मीही बाकं हलवली, सहा-सहा मुलांचे गोल केले, कार्डशीट वाटले, ‘करा चर्चा’ म्हटलं आणि खुर्चीत बसून मागच्या चाचणीचे पेपर तपासले. गटात काय चालायचं? दोन मिनिटांत गटप्रमुख ठरायचा, बहुतेक वेळा मुलगा, बहुतेक वेळा ज्याचा बाप गावात चार माणसांत बोलतो तो. तो सांगायचा. मुली लिहायच्या, कारण मुलींचं अक्षर चांगलं. एक जण पट्टीने चौकट आखायचा. एक जण डिंक आणायला ऑफिसात पळायचा, आणि कोण पळणार हेही कसं कोण जाणे सगळ्यांना न सांगता कळलेलं असायचं. एकदोघं नुसती वाकून बघत राहायची. शेवटी गटप्रमुख उठून ‘आमच्या गटाला असं वाटतं’ म्हणून सुरुवात करायचा. त्या गटाला तसं वाटत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. कार्डशीट भिंतीवर लागायचा. फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जायचा.

सहकार्याच्या नावाखाली मी गाव जसं आहे तसंच गोल बसवून ठेवलं होतं. स्पर्धेत निदान वैर उघड असतं. इथे कुणाची तक्रारही नव्हती.

मुली लिहितात आणि मुलगे बोलतात, हे मला दिसायला इतका वेळ का लागला याचंही उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या शाळेत शिक्षक सभेचं इतिवृत्त मी लिहिते. अक्षर चांगलं म्हणून. सभेत बोलणारे चार जण ठरलेले आहेत आणि इतिवृत्तात मी ‘सर्वानुमते’ हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहिते. सभेत मी एखाद्या ठरावाला विरोध केला असता तर तो लिहायला पुन्हा मलाच लागला असता, अशी गंमत करून मी हे हसण्यावारी नेत आले.

एका मुलीमुळे माझी गोची झाली. वाडीवरून चालत यायची, नाव सांगत नाही. गटात ती नेहमी लेखनिक. तिच्या गटाचं ‘मत’ तिने कधी मांडलं नाही. एकदा प्रश्नमंजूषेत मी नियम बदलला होता: गटाने आपसांत ठरवायचं नाही, ज्याचा हजेरी क्रमांक पुकारला जाईल त्यानेच उत्तर द्यायचं. तिचा क्रमांक आला. आठवीला महाराष्ट्राच्या निर्मितीचा धडा होता. मी फक्त संयुक्त महाराष्ट्र समितीचं साल विचारलं होतं. ती उभी राहिली आणि 1948 चं दार कमिशन, मग जेव्हीपी समिती, 1953 चा फाझल अली आयोग, 1956 ची समिती आणि त्याच साली झालेलं द्वैभाषिक मुंबई राज्य, असं करत 1960 च्या 1 मेपर्यंत आली. अडवायचं मला सुचलं नाही. वर्गही गप्प होता. तिला दहाच गुण मिळाले, नियमच तसा. पण त्यानंतर तिच्या बाकाजवळ पोरी वही घेऊन यायला लागल्या.

गटाने तिला गप्प बसवलं होतं आणि स्पर्धेने उभं केलं. हे माझ्या तत्त्वात कुठे बसवू? स्पर्धेचा नियम आंधळा होता आणि म्हणूनच तिच्या कामाचा होता. क्रमांक पुकारला की वाडी कुठली, बाप कोण, मुलगी की मुलगा हे कुणी विचारत नाही. राज्यशास्त्रात मी निवडणूक प्रक्रिया शिकवते तेव्हा गुप्त मतदानाचं मोल हेच सांगते, की पेटीपुढे सगळे सारखे. ग्रामसभेत हात वर करायला सांगितलं तर किती जण खरं सांगतील? माझी गटचर्चा हात वर करायला लावणाऱ्या सभेसारखी होती. बहुमत दिसायचं, मत दिसायचं नाही.

म्हणून मग मी आरॉन्सनकडे पुन्हा गेले. मानसशास्त्रज्ञ एलियट आरॉन्सन, ऑस्टिन, टेक्सस, 1971. काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आणलेली, आणि वर्गात रोज धुसफूस. त्याने मुलांना ‘एकत्र बसा, चर्चा करा’ एवढंच सांगितलं नाही. धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला, एकाचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे नाही. जोसेफ पुलित्झरचं चरित्र होतं, त्यातला एकेकाला एकेक परिच्छेद. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर. आता ज्या मुलाला तुम्ही चिडवता, त्याचं ऐकल्याशिवाय तुमचाच पेपर अडतो. बी.एड.च्या पुस्तकात यातल्या पायऱ्या होत्या, मूळ गट, तज्ज्ञ गट वगैरे. ही पद्धत वर्णभेदाने फाटलेल्या शाळेसाठी निघाली, हे मात्र आमच्या वहीत एका ओळीतही नव्हतं. मी ती वाचली तेव्हा मला ती तक्ते बनवायची नवी तऱ्हा वाटली.

खरं तर ऑस्टिनपर्यंत जायचीही गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे वेगवेगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहिली, एकत्र जेवली, अंगमेहनत करून शिकली. शाहूंच्या कोल्हापुरात वसतिगृहं होती ती बहुतेक एकेका समाजाची वेगळी. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. तिथे मिसळणं हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. पाळी आली की पाणी भरायचं, पाळी आली की वाढायचं. कर्मवीर जयंतीला मी यावर दरवर्षी भाषण करते. भाषण झालं की वर्गात जाऊन मुलांना ‘आपापल्या मित्रमैत्रिणींबरोबर गट करा’ म्हणते.

दहावीचा भूगोल या कामाला फार चांगला आहे. भारत आणि ब्राझील यांची धड्यागणिक तुलना. मी पहिल्यांदा तो शिकवला तेव्हा त्याचीसुद्धा मॅच झाली. क्षेत्रफळात ब्राझील पुढे म्हटल्यावर वर्ग हिरमुसला, लोकसंख्या आल्यावर एकाने टाळी दिली, ‘बाई, इथं आपण जिंकलो!’ मीही हसले. नंतर तोच धडा तुकडे करून दिला. हवामानाचे भाग पाडले: अॅमेझॉनचं खोरं, किनारपट्टी, ईशान्येचा अवर्षण चतुष्कोन, आपला मोसमी पाऊस, पर्जन्यछायेचा प्रदेश. एकेकाने एकेक भाग वाचून गटाला शिकवायचा, चाचणी सगळ्यावर. पहिल्या आठवड्यात गोंधळ. हुशार पोरं चिडली, कारण त्यांना दुसऱ्याचं ऐकण्याची सवयच नव्हती. पण मागच्या बाकावरच्या एकाने पर्जन्यछाया सांगताना पुस्तक बाजूला ठेवलं आणि गगनबावड्याचा पाऊस आणि त्याच्या मामाचं आटपाडीकडचं कोरडं रान यांचा हिशोब मांडला. तेवढ्याने त्याचा गट त्याच्याकडे वळून बसला.

मग एका मुलाचे वडील शाळेत आले. पोरगा हुशार. मी चाचणीत गटाला मिळून गुण दिले होते आणि त्याचे कमी झाले होते. ते शांतपणे म्हणाले, “बाई, डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं, पण फॅट माझ्या म्हशीची माझ्याच नावावर लागते. शेजाऱ्यानं पाणी घातलं म्हणून माझा दर कुठं कमी करतात? मग माझ्या पोराचा का केलात?” मी त्यांना सहकार्य, मूल्यशिक्षण वगैरे काहीतरी सांगितलं. ते ऐकून घेऊन गेले. पटलं नव्हतं, आणि पटू नये हेच बरोबर होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाव्हिनने हेच अभ्यासातून मांडलं होतं: गटाचं उद्दिष्ट एक हवं, पण प्रत्येकाने काय केलं याचा जाब वेगळा हवा, नाहीतर गट म्हणजे एकाने ओढायचं आणि पाच जणांनी बसायचं. त्याच्या पद्धतीत मूल स्वतःच्याच आधीच्या सरासरीपेक्षा किती वर गेलं, त्यावरून गटाला गुण मिळतात. म्हणजे पस्तीसवरून पंचेचाळीसवर आलेला मुलगा गटाला ओझं नसतो, कमाई असतो. हे मी वाचलेलं होतं. केलं नव्हतं, कारण प्रत्येकाची आधीची सरासरी काढून ठेवणं कटकटीचं होतं आणि गटाला एकच आकडा देणं सोपं. त्या पालकांना मी मूल्यशिक्षणाचं जे प्रवचन दिलं, त्याच्या मुळाशी माझा आळस होता.

आमच्याकडे सहकार्याचा एक तिसराच प्रकार चालतो, त्याचंही नाव घ्यायला हवं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40 आणि उरलेले 20 गुण शाळेच्या हातात. हे वीस गुण कसे पडतात ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. 2019 च्या मार्चमध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत आले. तो निकाल लागला तेव्हा शिक्षक-खोलीत सगळे सरकारवर चिडले होते, मीही. बारा टक्क्यांची पडझड होईपर्यंत त्या वीस गुणांत आपण नेमकं काय मोजत होतो, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून सगळ्यांना एकोणीस द्यायचे, यातही एकजूट आहेच. पण वाडीवरच्या त्या मुलीचे एकोणीस आणि वर्षभर वही न आणणाऱ्याचे एकोणीस मी एकाच पेनने लिहिले आहेत.

मुलांना सहकार्य शिकवणारे आम्ही कसे आहोत? एप्रिल-मे आला की पट जमवायला गावोगाव फिरतो. पट कमी झाला तर संचमान्यतेत पद जाणार, कुणीतरी अतिरिक्त ठरणार. शेजारच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांच्या मोटारसायकली त्याच गल्लीत, त्याच दारात भेटतात. ओशाळं हसून आम्ही एकमेकांना ‘काय, कसं काय’ करतो. विषयवार निकाल सूचना फलकावर लागतो तेव्हा माझी नजर आधी गणिताच्या सरांच्या आकड्यावर जाते. दुसऱ्या तुकडीला भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्याने एकदा माझे नकाशाचे संच मागितले होते. मी ‘घरी आहेत’ म्हटलं. ते कपाटात होते. त्या वर्षी दोन तुकड्यांच्या निकालात तीन टक्क्यांचा फरक पडला आणि मुख्याध्यापकांनी सभेत माझं कौतुक केलं. इतिवृत्तात ती ओळ मीच लिहिली.

हे लिहिताना वाटतं, की डॉइचची रचना मुलांना लागू करण्याआधी माझ्यावर लावून बघायला हवी होती. त्या सहकाऱ्याच्या तुकडीतली मुलं मागे राहिली तर मी पुढे दिसते, अशा रचनेत मी पगार घेते. तिथून उठून वर्गात जाऊन ‘मुलांनो, मिळून काम करा’ म्हणते. मुलं खुळी नसतात. स्पर्धा मी अजून सोडलेली नाही आणि सोडेन असं वाटत नाही; पुकारलेल्या क्रमांकाची प्रश्नमंजूषा चालू आहे, फक्त फुले-शाहू यांची नावं काढली आणि गटांना नद्यांची दिली. वारणेने पंचगंगेला हरवलं तर कुणाचं बिघडत नाही. प्रश्नांत ‘का’ वाढवले, घंटी काढून टाकली. वह्यांत मुलांच्या आधीच्या सरासऱ्या लिहायला घेतल्यात. वेळ जातो, जाऊ दे.

तरी एक गाठ सुटत नाही. यंदाच्या दहावीत एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो. तुकड्यांच्या पद्धतीत त्याला अवर्षण चतुष्कोन आला. म्हणजे उभं राहून पाच जणांना सांगायचं. आरॉन्सनच्या वर्गातही असा एक मुलगा होता, इंग्रजी अडखळत बोलणारा; आधी गटाने त्याला टोमणे मारले, मग त्याच्याशिवाय अडतंय हे कळल्यावर त्याला धीराने प्रश्न विचारायला शिकले. पुस्तकात हे वाचायला छान वाटतं. मधले टोमण्यांचे दिवस त्या मुलाने सोसले, लेखकाने नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचा चेहरा बघून मी म्हटलं, तू सांगू नकोस, ब्राझीलचा नकाशा मोठा काढ आणि त्यात तो प्रदेश दाखव. त्याने सुंदर काढला. पावसाचे पट्टे वेगवेगळ्या रेघांनी भरले, पूर्वेकडचा उंच भाग गडद केला, वारे कुठून येतात त्याचे बाण दाखवले. न बोलता सगळं सांगितलं, असं मला वाटलं.

आणि मग वाटलं, ‘मुलींचं अक्षर चांगलं’ हेही मी असंच मायेने म्हणत होते. त्याला वाचवलं की बाजूला बसवलं? दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी वाद घालून पाहिला आहे. त्याला विचारावं तर तो माझ्याकडे बघून मान हलवतो, आणि बाईंपुढे हललेल्या मानेचा अर्थ काय घ्यायचा हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

त्याच्याच गटातल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मला व्हरांड्यात गाठलं. चिडलेला होता. “बाई, त्याला पुरे गुण दिले, ते ठीक आहे. पण आमची सगळ्यांची बोलताना फाटते. मग मलाही नकाशाच द्या की.” मी म्हटलं, तुला नकाशा येतो का? तो म्हणाला, “नाही. तो शिकवेल.”